ओरोमो भाषेने इथिओपियाची जुनी लिपी सोडून रोमन लिपी का घेतली?

ग्रंथपाल_पुणे

नमस्कार. मी पुण्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काम करते. आमच्या अभ्यासिकेत चार वर्षे नेमाने येणारा एक इथिओपियन संशोधक विद्यार्थी मध्यंतरी पीएच.डी. पूर्ण करून मायदेशी परतला आणि जाण्यापूर्वी स्वतःजवळची १४ पुस्तके वाचनालयाला भेट देऊन गेला. इथिओपियाची भाषा अम्हारिक, एवढेच आम्हाला ठाऊक असल्याने माझ्या सहकाऱ्याने दाखल नोंदवहीत 'भाषा : अम्हारिक, लिपी : रोमन' अशी नोंद करून टाकली. गेल्या आठवड्यात तालिकापत्रे तयार करताना मला शंका आली, कारण अम्हारिकची लिपी वेगळी असते हे मी कुठेतरी पाहिले होते. मग मलपृष्ठावरचा मजकूर नीट पाहिला, तेव्हा ही पुस्तके 'अफान ओरोमो' या भाषेतली असल्याचे समजले.

या पुस्तकांत पहिलीच्या मुलांसाठीचे एक वाचनपाठाचे पुस्तक आहे, म्हणींचा एक जाडजूड संग्रह आहे, दोन कवितासंग्रह आहेत आणि बाकी बहुधा इतिहासाची पुस्तके असावीत. पहिलीचे पुस्तक चाळताना प्रत्येक पानावर 'ए', 'ओ', 'आय' ही रोमन अक्षरे दोन-दोनदा छापलेली दिसली, तेव्हा मला तो मुद्रणदोषच वाटला. काही शब्दांची सुरुवात तर 'एक्स' या अक्षराने होते आणि त्याचा उच्चार काय करावा, याचा अंदाजही येत नाही.

इथिओपियाची स्वतःची गीझ लिपी शेकडो वर्षे जुनी आहे आणि आफ्रिकेत आजही रोजच्या वापरात असलेल्या मोजक्या देशी लिपींपैकी ती एक आहे. असे असताना त्याच देशातल्या इतक्या मोठ्या भाषेने घरची लिपी दूर सारून युरोपची लिपी का घ्यावी? आपल्या संस्कृतीचे त्यात नुकसान होते, असे त्या समाजाला वाटले नाही का? मुळात या भाषेचे त्यांच्या जीवनातले स्थान काय आहे? नोंद दुरुस्त करणे हे पाच मिनिटांचे काम आहे, परंतु ज्याने प्रेमाने पुस्तके दिली त्याची भाषा आम्ही चुकीची लिहिली, ही गोष्ट मला लागून राहिली आहे. म्हणून जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

ध्वनिविचार

ताई, मी भाषाविज्ञानाचा विद्यार्थी असल्याने लिपीच्या प्रश्नाकडे ध्वनींच्या बाजूने येतो. इतिहासाची बाजू इथले इतर सभासद मांडतीलच.

प्रथम नोंदीविषयी. अम्हारिक आणि ओरोमो या दोन्ही भाषा आफ्रो-आशियाई कुळातल्या असल्या, तरी अम्हारिक सेमिटिक शाखेतली, म्हणजे अरबी आणि हिब्रूची नातलग आहे, तर ओरोमो कुशिटिक शाखेतली असून तिचे जवळचे नाते सोमाली भाषेशी आहे. एक येते म्हणून दुसरी समजेल, इतके साम्य त्यांच्यात नाही. २००७ च्या जनगणनेत ओरोमो समाज इथिओपियाच्या लोकसंख्येच्या ३४ टक्क्यांहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे अडीच कोटी भरला होता आणि तो त्या देशातला सर्वांत मोठा समाज ठरला होता. शिवाय केनियातही बोराना आणि ओर्मा हे समाज याच भाषेची रूपे बोलतात.

'अफान' या शब्दाचा अर्थ तोंड असा आहे आणि भाषा असाही आहे. मराठी माणसाला या भाषेची वाक्यरचना परकी वाटत नाही, कारण तिच्यातही क्रियापद शेवटी येते. 'अनी बिशान धुगे' याचा शब्दशः अर्थ 'मी पाणी प्यालो' असा, अगदी आपल्याच क्रमाने होतो. यातला 'ध' मात्र आपला 'ध' नव्हे. तो श्वास आत ओढून काढलेला 'ड' आहे, सिंधी भाषेत असतो तसा. उल्हासनगरच्या सिंधी घरातल्या माणसाला तो मुद्दाम शिकवावा लागणार नाही.

आता आपल्याला मुद्रणदोष वाटलेली ती दोन-दोन अक्षरे. ओरोमो भाषेत पाच स्वर आहेत आणि प्रत्येक स्वर ऱ्हस्व आहे की दीर्घ, यावर शब्दाचा अर्थ ठरतो. 'लफा' म्हणजे जमीन आणि 'लाफा' म्हणजे मऊ. 'हरा' म्हणजे तळे आणि 'हारा' म्हणजे नवे. व्यंजनाचेही तसेच आहे. 'बदा' म्हणजे वाईट, पण 'बद्दा' म्हणजे उंचावरचा थंड डोंगराळ मुलूख. आपल्याकडे 'मन' आणि 'मान', किंवा 'मका' आणि 'मक्का' यांत जो भेद आहे, तोच त्या भाषेत पानोपानी येतो. दीर्घ स्वर असेल तर अक्षर दोनदा लिहायचे आणि व्यंजनाचे द्वित्व असेल तर व्यंजन दोनदा लिहायचे, असा रोमन लिपीतला त्यांचा सरळ नियम आहे. म्हणून आपल्या त्या पुस्तकात एकही अक्षर जास्तीचे नाही.

गीझ लिपी आपल्या बाराखडीसारखी आहे. प्रत्येक व्यंजनाची सात रूपे असतात आणि ती सात स्वरांसाठी असतात. सेमिटिक भाषांसाठी ती उत्तम चालली, पण तिच्यात स्वराची दीर्घता दाखवण्याची सोय नाही आणि रोजच्या लेखनात द्वित्वही दाखवले जात नाही. खुद्द अम्हारिकमध्ये 'अले' म्हणजे 'तो म्हणाला' आणि 'अल्ले' म्हणजे 'आहे' हे दोन शब्द एकसारखेच लिहिले जातात आणि वाचणारा संदर्भावरून अर्थ लावतो. अम्हारिक वाचकाला शतकांच्या सवयीने ते जमते. ओरोमोत मात्र दीर्घता आणि द्वित्व या दोन्ही गोष्टी लपल्या, तर नव्याने वाचायला शिकणाऱ्या मुलाची वाट प्रत्येक ओळीत अडते.

'एक्स' या अक्षराचा उलगडा असा आहे की, रोमन लिपीतली जी अक्षरे त्यांना एरवी लागत नव्हती, ती त्यांनी आपल्या खास ध्वनींना दिली. कंठात हवा अडवून एकदम सोडलेला कडक 'त' त्यांनी 'एक्स'ने लिहिला, तसाच कडक 'च' 'सी'ने आणि कडक 'क' 'क्यू'ने. त्यामुळे इंग्रजी वाचनाची सवय घेऊन त्या पानाकडे गेले की सगळेच चुकते. या लेखनपद्धतीला ते 'कुबे' म्हणतात आणि त्या शब्दाची सुरुवातही 'क्यू'नेच होते.

जिम्माकर

या धाग्याने अनेक वर्षांपूर्वीचे दिवस डोळ्यांपुढे उभे केले. इथिओपियातल्या शाळा-महाविद्यालयांत भारतीय शिक्षकांची मोठी परंपरा होती, हे जुन्या पिढीला ठाऊक असेल. मीही ओरोमिया प्रांतातल्या जिम्मा शहरात काही वर्षे गणित शिकवले. आमची शिकवण्याची भाषा इंग्रजी होती. मी मोठ्या हौसेने थोडी अम्हारिक शिकून घेतली आणि बाजारात एका म्हाताऱ्या मध विकणाऱ्या बाईंशी तीत बोलू लागलो, तेव्हा त्या शांतपणे माझ्याकडे पाहत राहिल्या. शेजारच्या मुलाने मला सांगितले, "सर, आजींना ती भाषा येत नाही." ज्या देशाची भाषा मी शिकलो असे समजत होतो, त्या देशात बाजारातली आजी मला समजू शकत नव्हती. त्या दिवसापासून मी ओरोमो शिकायला लागलो.

माझ्याच विभागात एक ज्येष्ठ सहकारी होते. त्यांना दोन नावे होती. घरी आईने ठेवलेले ओरोमो नाव वेगळे आणि शाळेच्या दाखल्यावरचे अम्हारिक नाव वेगळे. पहिल्या दिवशी शाळेत नाव सांगितल्यावर मास्तरांनी ते वहीत लिहिलेच नाही आणि स्वतःच्या पसंतीचे दुसरे लिहिले, असे ते सांगत. वर्गात चुकून ओरोमो शब्द तोंडून गेला तर हातावर छडी बसे. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात राग नसे, पण ते उजव्या हाताचा तळवा डाव्या हाताने चोळत असत. ती सवय त्यांना स्वतःला माहीत होती की नाही, कोण जाणे.

ही एका शाळेची गोष्ट नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सम्राट मेनेलिक यांच्या सैन्याने ओरोमो मुलूख एकामागून एक जिंकला, तेव्हापासून कारभाराची आणि न्यायालयाची भाषा अम्हारिक झाली. १९४१ मध्ये इटालियन सत्ता हटून सम्राट हैले सेलासी परत आल्यावर शिक्षणही एकाच भाषेत देण्याचे धोरण पक्के झाले आणि १९५५ च्या राज्यघटनेने अम्हारिकला अधिकृत भाषा ठरवले. ओरोमो भाषेत शाळा नाही, वर्तमानपत्र नाही. स्वतःच्या जमिनीचा दावा घेऊन आलेला शेतकरी स्वतःच्याच गावच्या न्यायालयात दुभाष्यामार्फत बोलत असे.

त्या काळातही लोक स्वस्थ बसले नव्हते. पूर्वेकडच्या हरार प्रदेशात शेख बक्री सापालो नावाचे विद्वान आणि कवी होते. त्यांनी १९५६ मध्ये ओरोमो भाषेसाठी एक संपूर्ण नवी लिपी घडवली, तीही या भाषेचे ध्वनी नीट पारखून. ती हस्तलिखितांतून शिष्यांमध्ये पसरू लागल्याचे कळताच सरकारने त्यांना नजरकैदेत ठेवले. पुढे १९८० मध्ये सोमालियातल्या निर्वासितांच्या छावणीत त्यांचे निधन झाले. म्हणून ताई, "घरची लिपी सोडून परकी का घेतली" या प्रश्नात मी एक भर घालीन. त्यांच्यापैकी एकाने घरची म्हणावी अशी लिपी घडवली होती आणि तिला वाढू दिले गेले नाही.

शहरांत गाण्यांनी हे काम केले. १९६० च्या दशकात दिरे दावा शहरात 'अफ्रान कल्लो' नावाचा मंच तरुणांनी उभा केला आणि लग्नसमारंभांत ओरोमो गाणी म्हणायला सुरुवात केली. अली बिर्रा हे पुढे अतिशय गाजलेले गायक त्यातच लहान वयात आले. पावसाळा सरल्यावर येणाऱ्या लख्ख ऋतूला ओरोमोत 'बिर्रा' म्हणतात आणि त्या ऋतूवरच्या त्यांच्या पहिल्या गाण्यामुळे तेच त्यांचे नाव झाले. त्या मंचावरही बंदी आली. १९६३ मध्ये स्थापन झालेली 'माचा-तुलामा' ही स्वयंसाहाय्य संस्था १९६७ मध्ये बंद पाडण्यात आली.

१९७४ च्या क्रांतीनंतर थोडी मोकळीक मिळाली. 'बरीसा' हे ओरोमो वर्तमानपत्र निघू लागले आणि १९७९ पासूनच्या साक्षरता मोहिमेत ओरोमोचाही समावेश झाला, पण गीझ लिपीतच. रोमन लिपीत लिहिण्याचे काम युरोपात शिकणाऱ्या तरुणांनी आणि सशस्त्र चळवळीतल्या लोकांनी आधीपासून चालवले होते. १९९१ च्या मे महिन्यात त्या क्रांतीतून आलेली लष्करी राजवट कोसळली आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला अदिस अबाबात ओरोमो विद्वान, शिक्षक, लेखक असे हजारभर लोक जमले. कोणती लिपी घ्यायची यावर तिथे चर्चा झाली आणि कौल 'कुबे'ला मिळाला. लवकरच शाळांतून त्या लिपीत शिकवणे सुरू झाले. त्या शाळांत शिकून निघालेल्या पिढीला तिकडे 'कुबे पिढी' म्हणतात. मी शिकवले ते विद्यार्थी त्याच पिढीचे होते. माझ्या त्या सहकाऱ्यांनी मुलाच्या प्रगतिपुस्तकावर आईने ठेवलेले नाव दोन 'ओ'सकट नीट लिहिलेले मला एकदा दाखवले होते.

आता संस्कृतीविषयी थोडे, कारण ताईंचा खरा प्रश्न तिथेच आहे. ओरोमो समाजाचा सगळा ठेवा शतकानुशतके कागदावर नव्हता, तोंडात होता. त्यांची 'गदा' नावाची समाजव्यवस्था आहे (आपल्या मारुतीच्या गदेशी या शब्दाचा काही संबंध नाही). तीत पुरुष वयोगटांनुसार एकेका पायरीने वर जातात आणि सत्ता दर ८ वर्षांनी एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे सोपवली जाते. प्रमुखाला 'अब्बा गदा' म्हणतात आणि मुदत संपली की त्याला पायउतार व्हावेच लागते. युनेस्कोने २०१६ मध्ये या व्यवस्थेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. बोराना समाजात दर ८ वर्षांनी 'गुमी गायो' ही महासभा भरते. तिथे कायदे मोठ्याने सांगितले जातात, त्यांवर वाद होतो, काही बदलले जातात आणि बदललेला कायदा लोक पाठ करून घरी नेतात. इतिहास सांगणाऱ्या जाणत्यांना 'अर्गा-धगेत्ती' असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'पाहिलेले आणि ऐकलेले' असा होतो. वडाच्या पारावर गाव जमावा तसे लोक 'ओदा' या औदुंबराच्या कुळातल्या विशाल वृक्षाखाली जमतात. आजच्या ओरोमिया प्रांताच्या विधानसभेलाही 'चाफे' हे जुन्या सभेचेच नाव दिलेले आहे.

दक्षिणेकडे याबेलोच्या बाजूला एका घरी मी 'बुना कला' पाहिली. कॉफीची अख्खी फळे लोण्यात तळून देतात. 'कला' या शब्दात बळी देण्याचा अर्थ आहे, म्हणजे ते कॉफीचे बलिदान मानले जाते. फळे तडतडू लागली तसे यजमान आजोबांनी आशीर्वाद म्हणायला सुरुवात केली. ते एक वाक्य म्हणत आणि घरातले सगळे एका सुरात त्याला होकार देत. गुरांना शांती, पावसाला शांती, पाहुण्याला शांती, असे ते बराच वेळ चालले. 'नगा' म्हणजे शांती, सुख. हाच शब्द त्यांच्या अभिवादनातही असतो. त्या आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हते, परंतु इतके नेटके, तोलून बोललेले वाक्य मी फार थोड्या लोकांकडून ऐकले आहे. आपल्याकडे आलेल्या म्हणींच्या संग्रहात एक म्हण नक्की सापडेल. तिचा अर्थ असा : ज्या बोलण्यात म्हण नाही, ते मीठ नसलेले कालवण.

मांडवीतीर

जिम्माकर यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी गोव्याचा असल्याने लिपीचा वाद घरात, देवळात आणि चर्चमध्ये पाहतच मोठा झालो. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतल्या कोकणीला मान्यता दिली आणि रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, लिहिणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना आपण बाहेर राहिलो असे वाटले, ते आजही वाटते. त्यामुळे एखाद्या समाजाने एका सभेत लिपीचा निर्णय घेतला, हे वाचल्यावर माझ्या मनात आनंदाबरोबर काळजीही येते.

माझी शंका अशी आहे. ध्वनींचा मुद्दा मला पटतो, पण गीझ लिपीत दीर्घतेचे एखादे चिन्ह जोडता आले नसते का? आपणही देवनागरीत अर्धचंद्र जोडून 'बॅट' आणि 'बॉल' लिहू लागलोच. रोमन लिपी घेतल्याने 'कुबे पिढी'तल्या कित्येकांना अम्हारिक वाचणे अवघड झाले असणार आणि केंद्र सरकारचा कारभार तर अम्हारिकमध्ये चालतो. शेजारी राहणाऱ्या दोन समाजांना एकमेकांच्या दुकानावरची पाटी वाचता येऊ नये, याची किंमतही मोजली पाहिजे. गीझ लिपीत आधी छापलेले जे ओरोमो साहित्य होते, ते नव्या वाचकाला बंद झाले असेल, ही गोष्ट वेगळीच.

एक आनंदाची आठवणही नोंदवतो. मे २०२२ मध्ये गूगलच्या भाषांतर सेवेत एकदम २४ भाषा आल्या. त्या यादीत आमची कोकणी होती आणि ओरोमोही होती. तोपर्यंत मी हे नाव ऐकलेही नव्हते.

ध्वनिविचार

मांडवीतीर, आपली शंका रास्त आहे आणि तिचा पहिला भाग मी मान्य करतो. गीझ लिपीला चिन्हे जोडता आली असती आणि तसे प्रयत्न झालेही. परंतु लिपी निवडताना लोक ध्वनींच्या जोडीला आठवणीही तोलतात. ज्या लिपीतल्या कागदावर आपली जमीन गेली आणि आपले नाव बदलले, त्याच लिपीला नवे चिन्ह जोडून ती आपली माना, असे १९९१ मध्ये कोणी सांगितले असते तर ते ऐकले जाणे कठीण होते. माझ्या मते ध्वनींचे कारण खरे होते आणि पुरेसे होते. दुसऱ्या कारणाने त्याला वेग दिला.

किंमत मोजावी लागली, हेही खरे आहे. ओरोमियातल्या शाळांत अम्हारिक एक विषय म्हणून शिकवली जाते, पण विषय म्हणून शिकलेल्या भाषेत नोकरीची परीक्षा देणे आणि मातृभाषेत देणे यांत अंतर राहतेच. १९९५ च्या राज्यघटनेने सर्व भाषांना समान मान्यता दिली, तरी संघराज्याच्या कामकाजाची भाषा अम्हारिक एकटीच राहिली. २०२० मध्ये ओरोमो, तिग्रिन्या, सोमाली आणि अफार या चार भाषांनाही तो दर्जा देण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला. तो प्रत्यक्षात किती उतरतो, यावर 'कुबे पिढी'चे बरेच काही अवलंबून आहे.

लोकांचा या लिपीवर किती जीव आहे, हे २०१७ मध्ये दिसले. पहिलीच्या पुस्तकांत अक्षरांचा क्रम बदलून तो 'ए, बी, सी'ऐवजी 'एल, ए, जी' असा लावण्यात आला. जी अक्षरे भाषेत वारंवार येतात ती आधी शिकवली, तर मूल लवकर शब्द वाचू लागते, असा त्यामागचा शैक्षणिक विचार होता. आपल्याकडेही 'ग म भ न' पासून सुरुवात करून शिकवतातच, तेव्हा अध्यापनाच्या दृष्टीने त्यात वावगे काही नव्हते. पण लोकांना तो आपल्या लिपीवरचा घाला वाटला आणि प्रचंड विरोध झाला. ताई, आपल्याकडच्या पुस्तकात पहिले अक्षर कोणते आहे, ते जरूर पाहा.

रानवेल

मांडवीतीर यांनी गीझ लिपीत छापलेल्या जुन्या ओरोमो साहित्याचा उल्लेख केला, त्यावरून दोन माणसांविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ओरोमो मुलखातल्या एका लहान मुलाला पळवून गुलाम म्हणून विकण्यात आले. त्याचे मूळ नाव हिका. या शब्दाच्या धातूचा अर्थ गाठ सोडवणे, आणि त्यावरूनच उलगडा करणे, भाषांतर करणे असाही होतो. अनेक मालकांच्या हातांतून गेल्यावर १८७० मध्ये तांबड्या समुद्राकाठच्या मस्सावा बंदरात त्याची सुटका झाली आणि स्वीडिश मिशनऱ्यांच्या शाळेत तो शिकला. तिथे त्याला ओनेसिमोस हे नाव मिळाले. पुढे ओनेसिमोस नेसिब यांनी बायबलचे ओरोमो भाषांतर करायला घेतले, पण त्यांच्यापुढे मोठी अडचण होती. लहानपणीच भाषेपासून तुटल्याने त्यांच्याजवळचा शब्दसाठा अपुरा पडत होता.

तो भरून दिला आस्तेर गन्नो या तरुण मुलीने. तीही गुलाम म्हणून विकली गेली होती. १८८६ मध्ये येमेनकडे निघालेले जहाज इटालियन आरमाराने अडवले, तेव्हा ती सुटली. मिशनच्या शाळेत आल्यावर तिची भाषेची जाण सर्वांच्या लक्षात आली. तिने हजारो शब्दांचा कोश तयार करण्याचे काम केले आणि सुमारे ५०० कोडी, म्हणी, गोष्टी आणि गाणी केवळ आठवणीतून लिहून काढली. आईच्या मांडीवरून ओढून नेलेल्या मुलीने परक्या बंदरात बसून गावचे एकेक कोडे आठवून लिहावे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ओरोमो घरांत रात्री मुले जमली की कोडे घालणारा 'हिब्बो' म्हणतो आणि बाकीचे 'हिब' म्हणून तयार असल्याचे सांगतात. तिने लिहिले तेव्हा पलीकडून 'हिब' म्हणणारे तिच्या घरचे कोणीच नव्हते. १८९३ मध्ये नवा करार आला, १८९४ मध्ये शिकाऊ मुलांसाठीचे वाचनाचे पुस्तक आले आणि १८९९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये संपूर्ण बायबल छापून झाले. मुखपृष्ठांवर नाव ओनेसिमोस यांचे आले, आस्तेर यांच्या वाट्याला ते क्वचितच आले, याची मला खंत वाटते.

ही सगळी पुस्तके गीझ लिपीत होती. म्हणजे ओरोमो गद्याची पहिली मोठी इमारत त्याच लिपीत उभी राहिली, हे विसरता येणार नाही, आणि मांडवीतीर यांची हळहळ मला म्हणूनच कळते.

एक गोष्ट जोडते. जिम्माकर यांनी 'गदा' पुरुषांची म्हणून सांगितली. स्त्रियांकडे 'सिंके' असते. लग्नाच्या वेळी आई मुलीच्या हाती ही काठी देते. एखाद्या स्त्रीवर अन्याय झाला तर बायका आपापल्या सिंके घेऊन एकत्र येतात आणि न्याय मिळेपर्यंत परतत नाहीत. भांडणाऱ्या दोन गटांमध्ये बायका सिंके धरून उभ्या राहिल्या, तर पुरुषांनी ती ओळ ओलांडायची नसते. हे कायदेही कुठे लिहिलेले नव्हते.

जिम्माकर

रानवेल, धन्यवाद. स्त्रियांची बाजू माझ्याकडून राहून गेली होती.

भाषेवरच्या या प्रेमाला आजही मोठी किंमत द्यावी लागते, हे सांगायचे राहिले. पावसाळ्यानंतर बिशोफ्तू गावातल्या होरा अर्सादी तळ्याकाठी 'इर्रेचा' हा कृतज्ञतेचा सण भरतो. लोक हातात ओले गवत आणि पिवळी फुले घेऊन, ते पाण्यात बुडवून 'वाका'चे, म्हणजे देवाचे आभार मानतात. २ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या सणातच सरकारविरोधी घोषणा झाल्या, सुरक्षादलांनी अश्रुधूर सोडला आणि चेंगराचेंगरीत कित्येक लोक गेले. २९ जून २०२० रोजी हचालू हुंदेसा या तरुण गायकाची अदिस अबाबात गोळ्या घालून हत्या झाली. तो ओरोमोतच गात असे. त्यानंतर उसळलेल्या हिंसाचारात शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत इतर समाजांचेही लोक होते. त्या आठवड्यात इंटरनेट बंद होते आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकाचीही खुशाली कळत नव्हती. ते दिवस फार जड गेले.

ग्रंथपाल_पुणे

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल वाचनालय बंद झाल्यावर मी आणि माझ्या सहकाऱ्याने ती १४ पुस्तके पुन्हा टेबलावर मांडली. ध्वनिविचार यांनी सांगितल्याप्रमाणे पहिलीचे पुस्तक उघडून पाहिले. त्याची सुरुवात 'ए'ने होते, म्हणजे ते जुन्या क्रमाचे असावे. दुसऱ्या पाठात जमिनीचे चित्र आहे आणि खाली एकच 'ए' असलेला 'लफा' आहे. तो आम्ही दोघांनी मोठ्याने वाचला. 'एक्स'चा कडक 'त' मात्र आम्हाला काही केल्या साधला नाही.

म्हणींच्या संग्रहात मिठाची म्हण शोधायला वर्णानुक्रम लावून बसलो. 'डीएच' हे अक्षर 'डी'मध्ये पाहायचे की स्वतंत्र, येथे थोडे अडलो, पण ती म्हण 'डी'मध्येच निघाली. तिच्यासमोर विद्यार्थ्याने पेन्सिलने लहानशी खूण केलेली आहे.

दाखल नोंदवहीतली जुनी नोंद तांबड्या शाईने एक रेघ मारून रद्द केली, शेजारी 'भाषा : ओरोमो (अफान ओरोमो), लिपी : रोमन (कुबे)' असे लिहिले आणि दोघांनी सह्या केल्या. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्याने हाताने एकच शब्द लिहून ठेवलेला आहे, 'गलतोमा', आणि त्यात शेवटचा 'ए' दोनदा आहे. जिम्माकर, याचा अर्थ आभार असा असावा असे वाटते, पण माझ्याकडच्या शब्दसूचीत 'गलतोमी' असाही शब्द दिसतो. या दोहोंत फरक काय, ते कृपया सांगावे, कारण तालिकापत्रावर मला त्याची नोंद करायची आहे.

जिम्माकर

ताई, आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'मध्ये आहे तोच फरक. 'गलतोमी' एका जवळच्या माणसाला म्हणतात. 'गलतोमा' अनेकांना किंवा आदराने म्हणतात. त्याने तो शब्द आपल्या वाचनालयातल्या सर्वांना उद्देशून लिहिला आहे.